साडेपाच तास म्हणजे नक्की किती तास?



बारामतीत काय किंवा इंदापुरात काय, कुणाच्या घरी बसायला गेलं की चहा येईपर्यंत परदेशातल्या लेकरांचा विषय निघतोच. कुणाची मुलगी सिंगापूरला, कुणाचा पुतण्या क्वालालंपूरला, कुणाचे व्याही बँकॉकला खड्यांच्या व्यापारात. "लांब पडत असेल ना हो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "छे, लांब कसलं! साडेपाच तासांचं विमान. आपल्याला पुण्याला जाऊन यायला तेवढे लागतात."

हे उत्तर खोटं नाही. मुंबईहून सिंगापूरला विमान साधारण साडेपाच तासांत पोचतं. पण माझं स्पष्ट मत आहे की हा आकडा घरात वापरण्याच्या लायकीचा नाही. विमान कंपनीला तो उपयोगाचा आहे, वैमानिकाला आहे. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत, ज्या घरातलं लेकरू समुद्रापलीकडे आहे, त्या घराने दुसराच आकडा पाठ करायला हवा. आपल्या उंबऱ्यापासून त्याच्या उंबऱ्यापर्यंत किती तास, हा तो आकडा. तो कसा काढायचा आणि तो माहीत नसला की काय होतं, ते आज लिहिते.

आधी थोडा हिशेब. घाबरू नका, किराणा मालाच्या यादीपेक्षा अवघड नाही.

विमानाचं अंतर म्हणजे दोन विमानतळांमधलं सरळ अंतर, पृथ्वीच्या गोलाईवरून दोरी ताणल्यासारखं. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. मुंबई ते क्वालालंपूर सुमारे ३,६००, मुंबई ते बँकॉक सुमारे ३,०००. प्रवासी विमान वर गेल्यावर ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटरने जातं. पण तिकिटावर लिहिलेली वेळ काही फक्त हवेतली नसते. विमान आपल्या जागेवरून हललं की ती मोजायला लागते आणि उतरून पुन्हा जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीकडे रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, उतरल्यावर पुन्हा सरकणं, सगळं त्यात धरलेलं असतं.

म्हणून अंतर पाचपट झालं तरी वेळ पाचपट होत नाही. तिकडचीच दोन विमानतळं घ्या. सिंगापूरचं चांगी आणि क्वालालंपूरचं विमानतळ यांच्यात जेमतेम ३०० किलोमीटर अंतर आहे. तिकिटावर वेळ असते तास-सव्वा तासाची. पण विमान प्रत्यक्ष हवेत असतं ते साधारण एका सामायिकाएवढंच. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं धरा, कधी त्याहूनही थोडी कमी. उरलेला वेळ जमिनीवरच्या सरकण्यात जातो. सिंगापूर ते बँकॉक मात्र सुमारे १,४०० किलोमीटर आहे, जवळजवळ पाचपट. तिथे वेळ लागते अडीच तासांच्या आत-बाहेर, म्हणजे फक्त दुप्पट.

आता घड्याळाची गंमत. बँकॉकचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. बँकॉकहून सकाळी दहाला निघालेलं विमान सिंगापूरला दुपारी साडेबाराला पोचायला हवं, पण तिकिटावर असतं दीड. उलट सिंगापूरहून दहाला निघालं तर बँकॉकला पोचतं तिथल्या साडेअकराला. कागदावर एकीकडे साडेतीन तास, दुसरीकडे दीड तास. विमान तेच, आकाश तेच. तिकिटावरच्या निघण्याच्या आणि पोचण्याच्या वेळांची वजाबाकी करून कुणी "दीडच तास लागतो" म्हणालं तर समजून घ्या, त्याने घड्याळ धरलेलंच नाही. आपलं घड्याळ सिंगापूर आणि क्वालालंपूरच्या अडीच तास मागे, बँकॉकच्या दीड तास मागे. एवढं पाठ असू द्या.

सिंगापूर आणि क्वालालंपूर यांच्यात एक अतिवेगवान रेल्वे व्हायची होती. २०१६ साली दोन्ही देशांनी करार केला. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा मार्ग आणि वेळ दीड तास. पुढे २०२० च्या अखेरीस तो करार रद्द झाला, ते राहू द्या. पण प्रश्न असा की तासाभराचं विमान असताना दीड तासाची आगगाडी कुणाला हवी होती? उत्तर सोपं आहे. क्वालालंपूरचं विमानतळ शहरापासून पन्नास किलोमीटरच्या पुढे आहे. तिथे जायचं, दोन तास आधी पोचायचं, सामान द्यायचं, तपासणी, उतरल्यावर पुन्हा शिक्का, पुन्हा सामान, पुन्हा शहराकडे. तासाभराच्या विमानाला अर्धा दिवस जातो. आगगाडी शहरात चढवणार आणि शहरात उतरवणार. ज्यांनी तो प्रकल्प आखला त्यांना कळलं होतं की माणूस विमानतळावर राहत नाही, घरात राहतो.

आता हाच हिशेब आपल्या अंगणात मांडू.

इंदापूर ते मुंबईचं विमानतळ, पक्षी उडेल तसं सरळ मोजलं तर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. म्हणजे सिंगापूर-क्वालालंपूरपेक्षाही कमी! पण आपल्याला उडता येत नाही. आपण सोलापूर रस्त्याने निघणार. भिगवण, पाटस, यवत, उरुळी, हडपसर, मग द्रुतगती मार्ग, मग मुंबई. रस्त्याने तेच अंतर तीनशेच्या घरात जातं. गळीत हंगाम असला तर उसाच्या ट्रॉल्या, पावसाळा असला तर घाट, आणि हडपसरला काही नसलं तरी हडपसर असतंच. शहाणी माणसं सात तास धरून निघतात. मग हिशेब असा होतो:

इंदापूर ते मुंबई विमानतळ: ७ तास.
विमानतळावर आधी पोचणं: ३ तास.
विमान: साडेपाच तास.
उतरून शिक्का, सामान आणि मुलीच्या घरापर्यंत: दीड ते दोन तास.

बेरीज सतरा ते साडेसतरा. त्यातले आकाशातले साडेपाच, म्हणजे एक तृतीयांशच्याही आत. ३,९०० किलोमीटरला साडेपाच तास आणि ३०० किलोमीटरला सात तास. सिंगापूर लांब नाही, मैत्रिणींनो. मुंबई लांब आहे.

बारामतीहून निघालात तर तासभर कमी करा. पुण्याहून थेट विमान मिळालं तर आणखी तीन-साडेतीन तास वाचतात. डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याहून सिंगापूरला थेट विमान सुरू झालं तेव्हा आपल्याकडे झालेला आनंद याच तासांचा होता. पण लोहगाव हे मुळात हवाई दलाचं ठिकाण आहे आणि थेट विमानांची वेळापत्रकं बदलत राहतात. आज आहे ते सहा महिन्यांनी असेलच असं नाही. तेव्हा तिकीट काढण्याआधी दरवेळी नव्याने बघायचं. गेल्या वर्षी जाऊबाई पुण्याहून गेल्या होत्या म्हणून आपणही जाऊ, असं गृहीत धरू नये.

"पण मग बारामतीला विमानतळ आहे ना?" हा प्रश्न हमखास येतो. आहे की, एमआयडीसीच्या बाजूला धावपट्टी आहे, विमान चालवायला शिकणारी मुलं तिथे शिकतात. पण तुम्हा-आम्हाला तिकीट काढून बसता येईल असं रोजचं विमान तिथे नाही. डोक्यावरून शिकाऊ विमान घिरट्या घालताना दिसतं आणि खाली आपण पुण्याची एसटी गाठायला धावत असतो.

आपल्या भागाचं आणि विमानांचं नातं तसं जुनं आहे, हे नव्या मुलींना माहीत नसतं म्हणून सांगते. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसलं, ते सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद, आपल्याच समाजातले. १९३९ साली विमानप्रवासात त्यांची एका अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी, विल्यम पॉली यांच्याशी, योगायोगाने ओळख झाली. बोलता बोलता भारतात विमानाचा कारखाना काढायची कल्पना निघाली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, तीच पुढे आजची एचएएल. त्या काळी पॅसिफिक महासागर ओलांडायला विमानालाही दिवसच्या दिवस लागत, बेटाबेटांवर मुक्काम करत जावं लागे. शेजारच्याशी ओळख व्हायला वेळ होता. म्हणजे संथ प्रवासातूनही काही घडतं. पण निघतानाच किती दिवस लागणार ते घरी सांगून निघत, हा मुद्दा लक्षात घ्या. "सहा तासांत येतो" असं कुणी म्हणत नव्हतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, तिकडे येते.

आमच्या नात्यातल्या एका घरी, नाव-गाव सांगत नाही, आजी रात्री नऊच्या सुमारास गेल्या. मोठा मुलगा इथे शेती बघणारा, धाकटा क्वालालंपूरला. फोन गेला तेव्हा तिकडे रात्रीचे साडेअकरा. धाकटा म्हणाला, "मी निघतो, थांबा." सगळ्यांच्या डोक्यात तोच आकडा, "पाच तासांचं तर विमान आहे, पहाटेपर्यंत येईल." घरातल्या मोठ्या माणसांनी तसंच आल्या-गेल्यांना सांगितलं.

प्रत्यक्षात काय झालं ते बघा. रात्रीचं विमान निघून गेलेलं. सकाळचं मिळालं, तिथल्या साडेनऊचं, म्हणजे आपल्या सातचं. पाच तास धरा, मुंबईत दुपारी बारा. बाहेर पडायला एक वाजणार. मग रस्ता. घरी पोचायला रात्रीचे आठ. फोन गेल्यापासून तेवीस तास.

आपल्याकडे देह फार वेळ ठेवत नाहीत, त्यामागचा जीवदयेचा विचार तुम्हाला सांगायला नको. सकाळी आठ वाजले, नऊ वाजले, लोक खोळंबलेले. कुणी म्हणे थांबू, कुणी म्हणे थांबणं बरोबर नाही. "पाच तासांचं विमान आणि अजून कसा आला नाही?" असा सूर निघाला. त्याला यायचंच नाही की काय, इथवर एक जण बोलून गेले. शेवटी अकराला अग्नी दिला. त्या वेळी धाकटा विमानात बसलेला, फोन बंद. मुंबईत उतरून फोन लावला तेव्हा त्याला कळलं. दोघा भावांमध्ये त्या दिवसापासून जे पडलंय ते अजून मिटलेलं नाही. एक म्हणतो थांबला नाहीत, दुसरा म्हणतो आला नाहीस.

मला विचाराल तर दोघांपैकी कुणीही चुकलेलं नव्हतं. मोठ्याने चौदा तास वाट पाहिली. धाकट्याने मिळेल ते पहिलं विमान धरलं. दोघांच्या मध्ये "पाच तास" हा एक आकडा उभा होता. तो आकडा घरात कुणी तपासला नव्हता. तेवीस तास लागतात हे दोन वर्षांपूर्वी चहा पिताना ठरलं असतं, तर त्या रात्री पहिल्या दहा मिनिटांत निर्णय झाला असता. थांबायचं तर रीतसर सोय करून थांबायचं, नाहीतर धाकट्याची परवानगी घेऊन, फोनवर त्याला दर्शन घडवून पुढे जायचं. दोन्ही चाललं असतं. न ठरवता ताटकळणं तेवढं नको होतं.

यावर मला काही मैत्रिणी म्हणतात, "अगं, हे सगळं सांगून म्हाताऱ्या माणसांना कशाला घाबरवायचं? पाच तासांवर आहे म्हटलं की आईला बरं वाटतं." मला हे पटत नाही. आपल्या सासवा-आया काही लेच्यापेच्या नाहीत. त्यांनी एसटीची वाट बघत आयुष्यं काढली आहेत, दौंडला गाडी बदलून माहेरं केली आहेत. खरा आकडा त्यांना पेलतो. त्यांना पेलत नाही तो भरवसा देऊन मोडणं. शिवाय खरा आकडा माहीत असला की माणसं वेगळं वागतात. छातीत दुखतंय तर "मुलगा आला की दाखवू" म्हणत बसत नाहीत, शेजारच्या मुलाला हाक मारतात. मुलगा दूर आहे हे कबूल केलं की शेजार जवळ येतो.

आणखी एक आक्षेप माझ्या भाच्याचा. तो म्हणतो, "मामी, हे सगळ्यांना माहीतच असतं, त्यात काय एवढं?" माहीत असतं ते प्रवास करणाऱ्याला. घरात बसून वाट बघणाऱ्याला नसतं. आणि वाट बघणारेच संख्येने जास्त असतात. शिवाय त्या सतरा तासांतले न दिसणारे तास कुणाचे, तेही विचारा. पहाटे तीनला उठून दशम्या-ठेपले करणारी, खाकऱ्याचे डबे बांधणारी, तूप आणि लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही म्हणून मोठ्या बॅगेत कपड्यात गुंडाळून ठेवणारी, आणि गाडी घाटात असताना झोप न येणारी बाई कुठल्याच तिकिटावर नसते.

चौविहार पाळणाऱ्यांना तर तिकिटावरच्या वेळेपेक्षा सूर्याची वेळ महत्त्वाची, म्हणून त्याचाही हिशेब देऊन ठेवते. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो. समजा मुंबईहून दुपारी बाराला विमान निघालं. सिंगापूरला बाराही महिने सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे ऋतूंप्रमाणे फारसा फरक पडत नाही. तिथले सात म्हणजे आपले साडेचार. म्हणजे तुमच्या हातातलं घड्याळ साडेचार दाखवत असतं आणि खिडकीबाहेर अंधार पडायला लागलेला असतो. विमानातलं दुसरं खाणं त्यानंतर आलं तर ते उपयोगाचं नाही. तेव्हा चारच्या आत खाणं-पाणी उरकून घ्यायचं. जैन जेवण मिळणाऱ्या विमानात ते आधी नोंदवावं लागतं, सहसा निदान चोवीस तास आधी. स्वस्तातल्या विमानांत मिळेलच असं नाही, तेव्हा डबा बरोबर असावा.

परतताना उलट. सिंगापूरहून तिथल्या चारला निघालात तर तुम्ही सूर्याच्या मागे मागे येता आणि दिवस चांगला दोन तासांनी लांबतो. उपवास असेल त्या दिवशी परतीचा प्रवास ठेवू नका. ज्येष्ठांचा तर नकोच. आणि काही शंका असेल तर घरच्या घरी फाटे फोडत न बसता जाण्याआधी महाराजांना विचारून घ्यावं.

महाराजांवरून आठवलं. त्यांच्या लेखी बारामती ते इंदापूर हे पन्नास-पंचावन्न किलोमीटर म्हणजे दोन-तीन दिवसांचा विहार. आपण गाडीने सव्वा तासात जातो. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचायला तिलाही काही दिवस लागतात. रस्ता तोच, अंतर तेच. पण पायी चालणाऱ्यांची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्याकडे खोटा आकडा नसतो. उद्या कुठे पोचणार, कुठल्या गावात थांबणार, तिथे कोण वाट बघणार, सगळं आधी ठरलेलं असतं आणि निरोप गेलेला असतो. आपण विमानात बसायला शिकलो, पण निरोप नीट द्यायला विसरलो.

उजनीच्या पाण्यावर भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात येणारे पक्षी बघितले असतील तुम्ही. त्यातले पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. त्यांना ना तीन तास आधी पोचावं लागतं, ना हडपसर लागतं. त्यांचं आकाशातलं अंतर हेच त्यांचं खरं अंतर. आपलं तसं नाही, आणि तसं असल्याचं सोंगही आपण आणू नये.

आता थोडं सरकारबद्दल. पुरंदरला मोठं विमानतळ होणार, मग बारामतीकरांचा तास-दीड तास वाचणार, असं आपल्याकडे मोठ्या उत्साहाने बोललं जातं. वाचेलही. पण त्यासाठी सात गावांची जमीन जाणार आहे, अंजीर-सीताफळाच्या बागा जाणार आहेत, आणि तिथली माणसं कित्येक वर्षं विरोध करत आली आहेत. आपला वाचणारा तास मोजताना त्यांचं जाणारं शेतही त्याच वहीत लिहिलं पाहिजे. मी विमानतळ नको म्हणत नाही. मी म्हणते, आधी स्वस्तातला उपाय करून बघा. आपले तास आकाशात जात नाहीत, ते जमिनीवर जातात. इंदापूर आणि बारामतीच्या एसटी स्टँडवरून विमानांच्या वेळा धरून थेट विमानतळाच्या दारात सोडणारी भरवशाची गाडी मिळाली, म्हाताऱ्या माणसाला मध्येच सामान घेऊन उतरावं लागलं नाही, तर आपल्याला सिंगापूर खरोखरच जवळ येईल. धावपट्टी बांधण्यापेक्षा बसचं वेळापत्रक आखणं सोपं आहे. त्याचं उद्घाटन करायला मोठा मांडव लागत नाही, ही अडचण मला कळते.

पण ते होईल तेव्हा होईल. आपल्या हातातलं काम आजच करता येतं. ज्यांचं कुणी बाहेर आहे त्यांनी या रविवारी लेकराशी फोनवर बोलताना अर्धा तास यासाठी काढा. एका कागदावर पाच गोष्टी लिहा आणि तो कागद फ्रिजवर नाहीतर देवघराच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवा.

एक, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा किती पुढे. दोन, दिवसातलं शेवटचं विमान साधारण कधी निघतं आणि ते चुकलं तर पुढचं कधी. तीन, त्याच्या उंबऱ्यापासून आपल्या उंबऱ्यापर्यंत कमीत कमी किती तास आणि जास्तीत जास्त किती. चार, तेवढ्या वेळात इथे धावून येणारी दोन माणसं कोण, त्यांचे नंबर. आणि पाच, सगळ्यात अवघड, वेळ आलीच तर त्याच्यासाठी थांबायचं की नाही.

पाचवी गोष्ट लिहिताना हात थांबेल, आई म्हणेल "शुभ बोला". बोलू द्या. पण ती तिच्याकडूनच लिहून घ्या, कारण थांबायचं की नाही हे सांगण्याचा पहिला हक्क तिचा आहे. तिने स्वतः सांगितलं की मागे राहिलेल्या भावांना एकमेकांकडे बोट दाखवायचं कारण उरत नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, "मुलगी किती लांब असते हो तुमची?" तर सांगा, "सतरा तास. पण रोज संध्याकाळी फोन असतो आणि शेजारच्या काकूंकडे घराची दुसरी किल्ली आहे."